दीर्घिकेची डाय

बायजाबाईंचा नियम एकच. वस्तू हातात घेतल्याशिवाय तिची डाय कापायची नाही.

डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यात छिन्नीने नक्षी कोरायची, खोलगट. तिच्यावर पितळेचा किंवा चांदीचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की पत्र्यावर ती नक्षी उठून येते. कानातलं, लॉकेट, कमरपट्ट्याचं फूल, सगळ्याचा जन्म असा पोलादात होतो. चिंचणीत हे काम कितीतरी घरांत चालतं. चिंचणीबाहेर कोणाला फारसं ठाऊक नसतं.

बाकीचे लोक चित्रावरून कापतात. बायजाबाई नाही. पान कापायचं तर पान तोडून आणायचं. ते मऊ मेणाच्या गोळ्यावर दाबायचं आणि अलगद उचलायचं. मेणात पान उलटं उमटतं. डावी बाजू उजवीकडे जाते, उजवी डावीकडे. मग मेण समोर ठेवायचं आणि पोलाद जसंच्या तसं कापायचं. पत्र्यावर पान पुन्हा सुलटं होतं. यात डोकं लावायचं काम नाही. मेण सांगतं, हात ऐकतो. बायजाबाईंचा हात चाळीस वर्षं ऐकत आला होता.

एकदा सुरतेच्या व्यापाऱ्याला खेकड्याचं लॉकेट हवं होतं. बायजाबाईंनी जिवंत खेकडा मेणावर दाबला. खेकड्याने त्यांचा अंगठा दाबला. दोघांपैकी कोणीच सोडेना. नवरा हरिश्चंद्र हसता हसता ओटीवरून खाली पडला. लॉकेट असं उठलं की व्यापाऱ्याची बायको ते गळ्यात घालायला घाबरली.

हरिश्चंद्रानेच त्यांना छिन्नी धरायला शिकवलं होतं. वाढवणहून लग्न होऊन आल्या तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. आधी नुसते ठोकळे घासायच्या, तेल लावायच्या. एके दिवशी तो जेवायला उठला आणि परत येऊन बघतो तर त्याचं अर्धं राहिलेलं फूल पुरं झालेलं. त्याने भिंग लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मग विचारलं, "यातल्या माझ्या पाकळ्या कुठल्या नि तुझ्या कुठल्या?"

"चांगल्या माझ्या," बायजाबाई म्हणाल्या.

हरिश्चंद्र जाऊन अकरा वर्षं झाली. टेबल तेच राहिलं. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, उजेडात.

भांडण त्या टेबलाचंच होतं.

मुलगा जतीन कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने डाय कापायचा. एक मशीन मागच्या खोलीत होतं. दुसरं यायचं होतं, आणि ते खिडकीपाशीच बसवायचं जतीनच्या मनात होतं. शिवाय त्या वर्षी बायजाबाईंच्या दोन डाय परत आल्या होत्या. एका मोराची चोच बोथट होती, एका झुमक्याची घडी चुकली होती. जतीन त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. तेच त्यांना जास्त लागलं.

"आई, टेबल मागच्या पडवीत टाकू," तो म्हणाला.

"पडवीत उजेड नाही."

"बल्ब लावू."

"बल्बखाली ताजा मासासुद्धा शिळा दिसतो."

"आई, तुझं वय बघ."

"बघितलं. एकसष्ट. तू पडवी बघ." मग त्या थांबल्या. छिन्नी खाली ठेवली. "हे बघ. मला एक काम दे. त्यात चूक निघाली तर टेबल मी स्वतः उचलते. नाही निघाली तर मशीन कुठे ठेवायचं ते तू ठरव."

"एक जरी चूक निघाली तर?"

"एक जरी."

सून निधी चहा घेऊन दारात उभी होती. "मी ऐकलंय हं," ती म्हणाली. "दोघांचंही."

तीन दिवसांनी सुनिल आला. डहाणूच्या कॉलेजात तो जतीनच्या वर्गात होता. आता तलासरीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा. डिसेंबरअखेरीस त्याने मुलांसाठी आकाशदर्शनाचं शिबिर ठेवलं होतं. साठ मुलं. प्रत्येकाच्या गळ्यात पितळेचं पदक घालायचं त्याच्या मनात होतं. तो आला होता जतीनच्या मशीनसाठी. पण फोटो त्याने टेबलावर ठेवला आणि टेबल बायजाबाईंचं होतं.

"ही काय, जिलबी?" बायजाबाईंनी विचारलं.

"दीर्घिका आहे काकी. ताऱ्यांचं गाव म्हणा. त्रिकोण तारकासमूहात दिसते, म्हणून त्रिकोण दीर्घिका."

"ही तर गोल आहे."

"नाव त्या जागेचं पडलंय."

"म्हणजे तू तलासरी दीर्घिका."

सुनिल हसला. मग सांगायला लागला आणि थांबेना. आपली आकाशगंगाही अशीच वळणावळणाची. तिच्या शेजाऱ्यांपैकी देवयानी सगळ्यांत मोठी आणि ही त्रिकोण तिसऱ्या नंबरची, लहान, पण बघायला मोकळी. देवयानी आपल्याकडे कलून बसलीय, तिच्या भुजा नीट दिसत नाहीत. हिने मात्र तोंड आपल्याकडे केलंय.

"तारे किती?"

"चार हजार कोटी असतील."

"दीड तासात कापून देतो," जतीन म्हणाला.

"मी कापते," बायजाबाई म्हणाल्या. "हेच ते काम."

जतीनने आईकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. "ठीक आहे."

सुनिलने फोटो पुढे सरकवला. बायजाबाईंनी तो न बघता खणात टाकला.

"फोटो नको. वस्तू आण."

मग निधीच्या तोंडातून हसू फुटलं. जतीननेही कपाळाला हात लावला. सुनिल मात्र हसला नाही. खरोखर विचार करत होता.

"आणता येणार नाही काकी," तो म्हणाला. "पण दाखवता येईल. अमावास्येला आमच्या पाड्यावर या. इथे नाही जमायचं. तारापूरच्या बाजूने आभाळ उजळलेलं असतं."

कार्तिक अमावास्येला जतीनच्या टेम्पोत बसून तिघं निघाली. चारोटी, मग हायवे, मग तलासरीच्या अलीकडे आत वळणारा रस्ता, मग रस्ता म्हणता येणार नाही असा रस्ता. बायजाबाईंच्या मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी होती आणि कनवटीला मेणाचा गोळा.

सुनिलची आई तानी अंगणात उभी होती. तिने बोंबील घेतले, वास घेतला, मान डोलावली. मग विचारलं, "एवढे लांबून काय बघाया आलीस, बाय?"

"जिलबी."

"वर?"

"वर."

तानीने आभाळाकडे पाहिलं. "माझा पोरगाही तिथंच बघत असतो. पोळी जळते तरी."

साडेसातला काळोख चांगला मुरला होता. अंगणाच्या कडेला दुर्बीण उभी होती. माणसाच्या उंचीची नळी, तोंड बादलीएवढं, खाली लाकडी बैठक. सुनिलने ती जवळजवळ सरळ वर वळवली आणि बराच वेळ खुडबुड केली.

आधी जतीनने पाहिलं. "काही नाही."

मग निधीने एका डोळ्यावर तळहात दाबून पाहिलं. "धूर आहे का थोडासा?"

मग बायजाबाई पुढे झाल्या. त्यांनी डोळा लावला. दुसरा मिटला नाही.

"काकी, तुम्ही दोन्ही डोळे उघडे ठेवता?" सुनिलने विचारलं. "मुलांना हे शिकवताना माझा घसा बसतो."

"चाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग आहे. दुसरा मिटला तर हातोडी अंगठ्यावर पडते."

पण दिसलं काय? एक राखाडी डाग. तवा फडक्याने पुसल्यावर पिठाचा माग राहतो, तसा. बायजाबाईंचा चेहरा उतरला. टेबल गेलं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. याची डाय काय कापणार?

"सरळ तिच्याकडे बघू नका," सुनिल म्हणाला. "जरा बाजूला बघा. अंधूक गोष्ट डोळ्याच्या कोपऱ्यातून जास्त दिसते."

"अस्सं. लग्न होऊन आले तेव्हा वर्षभर मी सगळं घर तसंच बघत होते."

त्यांनी नजर थोडी सरकवली. श्वास धरला. सोडला. पुन्हा धरला. मागे जतीन डास मारत होता. तानी निधीला नाचणीची भाकरी खायला लावत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

आणि डाग हलला. म्हणजे तो हलला नाही, उलगडला. मधे जरा दाट, तिथून एक पुसट पट्टा निघालेला. तो धरायला जावं तर विरघळतो. सोडून द्यावा तर परत येतो. बायजाबाईंची मान त्याच्याबरोबर हळूहळू वळायला लागली.

"इथून निघतो," त्या पुटपुटल्या. "असा वळतो. वळत वळत बाहेर जातो. आणि हे काय? कडेला दाणा आहे एक."

"काय म्हणालात?"

"दाणा. बारीक. कुडीच्या मोत्याच्या कडेला असतो तसा."

सुनिलने हातातला टॉर्च खाली ठेवला. "काकी, तो दाणा दिसायला मला तीन हिवाळे लागले."

"मग आहे काय तो?"

"ढग आहे. त्यात नवे तारे जन्मतात. त्या ढगाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला उजेडाला पंधराशे वर्षं लागतात."

"एवढ्याशा दाण्यात?"

"एवढ्याशा दाण्यात."

बायजाबाईंनी डोळा काढलाच नाही. डाव्या हाताने कनवटीचा मेणाचा गोळा काढला. जतीन मागून म्हणाला, "आई, आता दाबणार कशावर? शिडी देऊ?" वर दाबता येत नव्हतं, म्हणून अंगठ्याच्या नखाने त्या मेणात काढत गेल्या. बोटांनी चाचपून, न बघता. डोळा वर, नख खाली. पट्टा, वळण, दुसरा पट्टा, दाणा.

"आता मधला खडा," त्या म्हणाल्या. "मधे काय बसवलंय?"

"हिच्यात मधे तसं काहीच नाही," सुनिल म्हणाला. "देवयानीच्या, आपल्या आकाशगंगेच्या मधे एक प्रचंड जड कृष्णविवर आहे. हिच्या मधे तसलं काही सापडलेलं नाही. फुगवटासुद्धा नावापुरता."

हे ऐकून भाकरी थापता थापता तानी थांबली. पाड्यावरच्या नाचात तारपा वाजवणारा मधे असतो आणि बाकीचे त्याच्याभोवती फिरतात. "मधे तारपावाला नाय?"

"नाही आये."

"मग ही सगळी नाचतात कोणाभोवती?"

"एकमेकांभोवतीच."

तानीने भाकरी उलटली. "पोरी नाचत असतील," ती म्हणाली. "पोरींना तारपावाला लागत नाय."

जेवताना सुनिलने सांगितलं, आज जो उजेड डोळ्यात शिरला तो सत्तावीस लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. बायजाबाईंचा घास हातातच राहिला. सत्तावीस लाख वर्षं चालत आलेला पाहुणा, आणि त्यांनी आज नजर वर केली नसती तर? तो तानीच्या कौलावर पडून फुकट गेला असता. त्यांना एकदम हसू आलं. का आलं ते सांगता येईना. निधी त्यांच्याकडे बघून हसली, तानी निधीकडे बघून. जतीन म्हणाला, "बोंबलात काही होतं का?"

चिंचणीला परतल्यावर बायजाबाई टेबलाला चिकटल्या. पंधरा दिवस. मेण समोर, ठोकळा शिकंज्यात आवळलेला, डोळ्याला भिंग. फूल कापणं सोपं असतं; पाकळीला काठ असतो. हिला काठ नव्हता. भुजा कुठे संपते आणि काळोख कुठे सुरू होतो ते कळू नये, असं कापायचं होतं. त्यासाठी त्यांनी पोलाद केसाकेसाने उथळ करत नेलं. मधेच उठून नाचल्यासारखं करायच्या. दोनदा आमटीत मीठ पडलं नाही. एकदा तीनदा पडलं.

"आई, तुम्ही गाताय," निधी म्हणाली.

"मी? छे."

डाय झाली. जतीनने पितळेचे बासष्ट तुकडे दाबून काढले, दोन जास्तीचे. पहिला तुकडा उचलून तो दाराशी गेला. उन्हात धरला, तिरपा केला. भुजा उजेडात वर यायच्या, सावलीत बुडायच्या. दाणा चमकायचा.

"मशीनसाठी दुसरीकडे जागा बघतो," तो म्हणाला.

बायजाबाईंनी पदराने नाक पुसलं. "चहा टाक गं निधी," त्या म्हणाल्या. "आज साखर घाल."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ओटीवर चटई टाकून आडव्या झाल्या. सहज एक पदक वर धरलं, आभाळात दीर्घिका होती तसंच. मधून निघाल्या, पट्ट्यावरून नजर बाहेर नेली. मान वळायला लागली आणि मधेच अडली.

मान भलतीकडे वळत होती.

त्या उठून बसल्या. पुन्हा आडव्या झाल्या. पुन्हा तेच. त्या रात्री दुर्बिणीपाशी मान एका बाजूला वळली होती, आता दुसऱ्या. त्यांनी आत जाऊन खण उघडला. सुनिलचा फोटो तसाच पालथा पडला होता. सुलटा केला. शेजारी पदक ठेवलं. फोटो आडवा फिरवला, उभा फिरवला. कसाही फिरवला तरी त्यातली दीर्घिका एकीकडे वळत होती आणि पदकातली नेमकी उलटीकडे.

मग कळलं. मेणात वस्तू दाबली तर ती उलटी उमटते, म्हणून मेण बघून जसंच्या तसं कापायचं. पण या वेळी दाबलं कुठे होतं? नखाने काढलं होतं, सुलटं. हाताला ते कोणी सांगितलंच नाही. हात बिचारा चाळीस वर्षांच्या सवयीने मेण बघत गेला, कापत गेला. आणि बासष्ट दीर्घिका आरशातल्यासारख्या उलट्या झाल्या.

कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सुनिल पदकं न्यायला अजून आला नव्हता. आला असता तरी बघून टाळ्याच वाजवल्या असत्या. जतीन तर हरला म्हणून मोकळा झाला होता. बायजाबाई परत ओटीवर येऊन बसल्या. चहावर साय धरली. समोरच्या वाडीतल्या चिकूंवर पोपटांचा दंगा चालला होता. फोटो परत खणात टाकला की झालं. एवढंच.

"जतीन," त्यांनी हाक मारली. "टेबल उचल."

तो धावत आला. त्यांनी सगळं सांगितलं. त्याने फोटो पाहिला, पदक पाहिलं, डोकं खाजवलं.

"कोण बघणार आहे, आई?"

"मी बघितलं."

निधीने पदक हातात घेऊन उलटसुलट केलं. "पण आई, दीर्घिकेच्या पलीकडे जाऊन बघितलं तर ती अशीच दिसेल ना? आपल्याला डावी, तिकडच्यांना उजवी."

"ऑर्डर तिकडून आली होती का?"

"नाही."

"मग? तलासरीच्या गिऱ्हाइकाला अलीकडची बाजू हवी. बोलणं झालं होतं. उचला."

जतीन उचलेना. मग बायजाबाईंनीच खण बाहेर काढायला सुरुवात केली. वरच्या खणात छिन्न्या, मधल्यात कानशी. सगळ्यात खालचा खण वर्षानुवर्षं उघडला नव्हता. त्यात हरिश्चंद्राच्या हातच्या जुन्या डाय होत्या. त्या एकेक काढून गोणपाटावर ठेवू लागल्या. त्यातल्या दोन सुतळीने एकत्र बांधलेल्या निघाल्या. पोकळ माशाच्या. एकीत मासा डावीकडे तोंड करून, दुसरीत उजवीकडे. दोन अर्धे दाबायचे, पाठीला पाठ लावून कडेने धातू वितळवून डाग द्यायचा, म्हणजे सांधायचं, की भरीव दिसणारा अख्खा मासा होतो. पोकळ काम असलं की डाय जोडीनेच कापतात. एक सुलटी, एक उलटी. हे चिंचणीतल्या पोरालाही ठाऊक असतं.

बायजाबाईंनी सुतळी बघितली. पदक बघितलं. मग त्या जमिनीवर बसल्या आणि इतक्या जोरात हसायला लागल्या की पोपट उडाले.

"आई!" निधी घाबरली.

"अगं, मी मागची बाजू आधी कापली!" बायजाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "बासष्ट पाठी तयार आहेत. पोटंच राहिलीत!"

"हे चालणार नाही," जतीन म्हणाला. "ही पळवाट झाली. तुला एकच बाजू सांगितली होती. चूक ती चूक."

"चूकच आहे. कोण नाही म्हणतंय? मी टेबल उचलतेच आहे. फक्त दुसरी बाजू होईपर्यंत थांब."

जतीनने तोंड फिरवलं. खरं तर त्यालाही हसू येत होतं आणि ते त्याला येऊ द्यायचं नव्हतं. मग म्हणाला, "एक सांगतो. दुसरी डाय काप. दोन अर्धे जोडल्यावर प्रत्येक भुजा कडेला दुसऱ्या बाजूच्या भुजेला मिळाली पाहिजे. केसभरही सरकायला नको. मिळाली तर मी मानेन की हे एकच काम होतं, आणि ते बरोबर आलं. नाही मिळाली तर पडवी."

"ऐकलंय हं," निधी म्हणाली.

सुनिलला फोन लावून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काकी, दोन्ही बाजूंची दीर्घिका? फोटोत तर कायम एकच बाजू असते. दुसरी कोणी कधी बघितलेलीच नाही."

"मग तुझ्या पोरांना पहिल्यांदा दाखवू," बायजाबाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी नवा ठोकळा घासायला घेतला.

या वेळी त्यांनी मेण पहिल्या डायमध्येच दाबलं आणि बाहेर काढलं. ते समोर ठेवलं, शेजारी आरसा ठेवला, फोटोही ठेवला. तीनदा तपासलं. निधीकडूनही तपासून घेतलं. आठ दिवस कापत होत्या. कडेपाशी आल्यावर तर तासाला चार घाव पडायचे. जतीन येता-जाता डोकवायचा आणि काही काम नसताना कानस मागायचा.

डाय झाली. जतीनने एक पोट दाबून काढलं. पाठीला जोडून चिमट्यात धरलं, कडेने डाग दिला, पाण्यात टाकलं. चर्र झालं. पुसलं. मग त्याने डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख कडेवरून फिरवायला लागला. एक भुजा. पुढची. पुढची. निधीने बायजाबाईंचा दंड धरला होता.

नख अडलं.

"इथे," जतीन म्हणाला.

"डागाचा थेंब आहे तो," बायजाबाई म्हणाल्या. "कानस मार."

त्याने कानस मारली, दोनदा. पुन्हा नख फिरवलं. अख्खी कड फिरून आला. मग उलट्या दिशेने फिरून आला. मग डोळे उघडून भिंगातून बघितलं. समोरून येणारी भुजा कडेवरून वळून मागे जात होती, कुठेही न तुटता. त्याने पदक आईच्या तळहातावर ठेवलं आणि उघडलेले खण एकेक करून परत टेबलात बसवायला लागला.

"मशीनचं काय करणार?" निधीने विचारलं.

"पडवीत," तो म्हणाला. "त्याला काही दिसायचं नसतं."

मार्गशीर्ष अमावास्येला तिघं पुन्हा तलासरीला गेली. साठ मुलं पाड्यामागच्या माळावर जमली होती. सुनिलने एकेकाच्या गळ्यात पदक घातलं आणि दोरा पिरगळून सोडायला सांगितला. सोडल्यावर पदकं गरगरली. टॉर्चच्या उजेडात एका क्षणी डावीकडे वळणारी, दुसऱ्या क्षणी उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मुलं ओरडायला लागली. साठ दीर्घिका, साठ गळ्यांत. सुनिल "शांत, शांत" म्हणत होता आणि स्वतःच दोरा पिरगळत होता.

मग बायजाबाईंनी दुर्बिणीला डोळा लावला. या वेळी मेण नव्हतं. डाग उलगडायला आता वेळ लागला नाही. मधली दाट जागा, पट्टा, वळण, दाणा. त्या दाण्यापर्यंत गेल्या, कडेपर्यंत गेल्या. आणि कडेला आल्यावर नजर थांबली नाही. पदकाच्या कडेवरून वळावी तशी ती वळली आणि मागे गेली. पाठीवर. तिथून त्यांनी पलीकडे पाहिलं, तर पलीकडे सगळं मोकळं होतं.

त्यांनी डोळा काढला आणि मटकन खाली बसल्या. दोन्ही हात जमिनीवर टेकले.

तानी धावली. "काय झाला, बाय? चक्कर आली?"

"तानी, ती जाड आहे गं."

"कोण?"

"ती वरची. चित्र नाही ते. तिला पाठ आहे. आणि पाठीमागे..." बायजाबाईंनी नुसता हात पसरला. "खाली काहीच नाही. म्हणजे वर. म्हणजे आपण लटकलोय, तानी!"

तानीने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तीही हळूच खाली बसली, मग आडवी झाली, आणि बाजूच्या वाळक्या गवताची एक मूठ घट्ट धरली.

"तूही धर," ती म्हणाली. "मी पडते बघ वर."

बायजाबाईंनी दुसरी मूठ धरली. दोघी हसायला लागल्या. मुलं गोळा झाली. सुनिल विचारत होता, काय दिसलं काकी, काय दिसलं, आणि दोघी हातातलं गवत सोडायला तयार नव्हत्या.